देवास नाक्यावरचा ऑटो इलेक्ट्रिशियन: आधी मीटर, मग पाना

आधी निकाल सांगून टाकते. कामाला पाचपैकी साडेचार, दुकानाला पाचपैकी दोन. ज्यांच्या गाडीला 'कधी एका चावीत सुरू, कधी नुसतं टक्' हे दुखणं लागलंय त्यांनी पुढचं सगळं वाचावं. नुसता हॉर्न किंवा रंगीत लाइटच्या पट्ट्या बसवायच्या असतील तर नाक्यावर दुसरी भरपूर दुकानं आहेत. इथला उस्ताद तसल्या गिऱ्हाइकाकडे मान वळवूनही बघत नाही.

दुकान इंदूरच्या देवास नाक्याला, लसूडिया मोरीच्या बाजूने आत गेलं की गोदामांच्या ओळीत आहे. पाटी नाही. शटरवर पिवळ्या रंगात 'सेल्फ, डायनामो, वायरिंग' एवढंच हाताने लिहिलंय आणि बाहेर तीन-चार गाड्या नाक खाली घालून उभ्या असतात. ट्रक आत घ्यायला जागा नाही, काम सगळं रस्त्याच्या कडेला.

आमचा ट्रान्सपोर्टचा धंदा सासऱ्यांच्या वेळेपासूनचा. गाड्यांखाली भावजी जातात. चालान, फास्टॅग, टायरचे हिशेब आणि अर्ध्या रात्री येणारे ड्रायव्हरांचे फोन माझ्याकडे. ही गाडी २०१६ ची, बीएस-३ (जुन्या प्रदूषण निकषाची), साध्या मेकॅनिकल पंपाची. पीथमपूरहून माल भरून भिवंडीला जाते आणि तिकडून मिळेल ते घेऊन येते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता.

दुखणं असं होतं. पहाटे थंड गाडी बिनतक्रार सुरू व्हायची. मानपूरचा घाट उतरून, धामनोद ओलांडून, खलघाटच्या पुढे कुठेतरी जेवायला थांबलं आणि अर्ध्या तासाने चावी फिरवली की सेल्फमधून (इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरमधून) एकच 'टक्'. डॅशबोर्डचे दिवे मलूल. पुन्हा फिरवली तर कधी घरघरून सुरू, कधी परत टक्. तासभर थांबलं की जणू काही झालंच नाही. पावसात भिजल्यावर किंवा सर्व्हिसिंगला धुतल्यावर हटकून त्रास. मग मधे बरेच दिवस काहीच नाही. आमचा ड्रायव्हर शिरपूरकडचा, शांत माणूस, पण तोही शेवटी म्हणायला लागला, "ताई, हिला उतारावरच उभी करतो मी आता." आणि खरंच करायचा. माल भरलेली गाडी ढाब्यापाशी उतार बघून लावायची, म्हणजे धक्का मारायला माणसं गोळा करावी लागत नाहीत.

या काळात आमचे पैसे कुठे कुठे गेले ते सांगते. एकाने दोन्ही बॅटऱ्या बदलायला लावल्या. दुसऱ्याने सेल्फ उतरवून ब्रश, बुश आणि सोलेनॉइड (सेल्फला मोठा करंट जोडून देणारा स्विच) नवे टाकले. तिसऱ्याने चावीचा स्विच बदलला. प्रत्येकाच्या कामानंतर गाडी काही दिवस सरळ चालली आणि बदलणाऱ्याने छाती पुढे काढून फिरून घेतलं. बंद-चालू होणाऱ्या बिघाडात हाच खरा फास आहे. जे काही कराल त्यानंतर तो काही काळ जातोच, मग श्रेय कुणाला द्यायचं हे कळत नाही.

या उस्तादाचं नाव भावजींना दुसऱ्या एका गाडीवाल्याने सांगितलं. फोन केला तर त्याने दोन अटी घातल्या. ड्रायव्हर सोबत हवा, मालकाने सांगितलेलं चालणार नाही. आणि गाडी धुवून आणायची नाही. मला ते जरा आगाऊपणाचं वाटलं, पण भावजींना वेळ नव्हता म्हणून मीच ड्रायव्हरला घेऊन गेले.

पहिला अर्धा तास त्याने पान्याला हात लावला नाही. ड्रायव्हरला समोर बसवलं आणि वकिलासारखी उलटतपासणी घेतली. आवाज कसला येतो? एकच जोरात टक्, की टकटकटकटक अशी माळ, की काहीच नाही? हे तिन्ही वेगळे रोग आहेत, हे मला तिथे बसून कळलं. माळ लागली तर सोलेनॉइड ओढतो, व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, व्होल्टेज वर येतं, पुन्हा ओढतो. म्हणजे बॅटरी दमलेली किंवा टर्मिनल ढिलं. काहीच आवाज नाही तर चावीपासून सोलेनॉइडपर्यंतची बारीक वायर, रिले किंवा स्विच बघायचा. एकच दणका आणि मग शांतता असेल तर सोलेनॉइडपर्यंत हुकूम पोचलाय, पण जाड वायरमधून जो मोठा करंट यायला हवा तो कुठेतरी अडतोय. आणि सेल्फ दणकून फिरतोय पण इंजिन पेटत नाही, तर विजेकडे बघायचंच नाही, डिझेलच्या लाइनीत हवा शिरली आहे का, फिल्टर तुंबलाय का, स्टॉप सोलेनॉइड उघडतोय का ते बघायचं.

मग त्याने एक प्रश्न विचारला जो आधीच्या तिघांपैकी कुणीच विचारला नव्हता. हे सुरू व्हायच्या आधी गाडीचं कुठलं काम झालं होतं? ड्रायव्हर म्हणाला, क्लच प्लेट बदलली होती. उस्तादाने नुसती मान हलवली आणि पोऱ्याला मीटर आणायला सांगितलं.

आता बॅटऱ्यांबद्दल. चोवीस व्होल्टच्या गाडीत बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात आणि बहुतेक जण दोन्हींचं मिळून एकच माप घेतात. याने दोन्ही वेगळ्या मोजल्या, तेही हेडलाइट थोडा वेळ लावून, मग बंद करून. चार्जिंग नुकतंच झालेलं असलं की वरवरचं जादा व्होल्टेज दिसतं, ते आधी उतरवावं लागतं. एक निघाली १२.६, दुसरी १२.१. एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच कंपनीच्या. १२.६ म्हणजे भरलेली, १२.१ म्हणजे जेमतेम निम्मी. गाडी सुरू करून पुन्हा मोजलं तर दोन्हींचं मिळून २८.२, म्हणजे बॅटऱ्या भरणारा अल्टरनेटर ठणठणीत. पण वाटणी बघा: पहिलीवर १४.९ आणि दुसरीवर १३.३. भरलेलीला आणखी भरवून तिचं पाणी उकळवायचं चाललेलं आणि निम्मी कधी पूर्ण भरतच नव्हती.

कारण केबिनमध्ये सापडलं. टेप, मोबाइलचे चार्जर आणि देवाच्या फोटोभोवतीची एलईडी माळ, हे सगळं बारा व्होल्टवर चालतं. सजावटवाल्याने त्यासाठी दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडातून तार काढली होती. म्हणजे सगळा भार ज्या बॅटरीचं निगेटिव्ह चासीला जातं तिच्या एकटीवर. रात्री गाडी उभी, गाणी चालू, आणि दोघींतली एकच झिजतेय. "भाभी, जोड़ी का एक बैल भूखा है, हल कैसे चलेगा," उस्ताद म्हणाला. आपल्याकडच्या निम्म्याहून जास्त गाड्यांत अशीच तार काढलेली असते असं त्याचं म्हणणं. किती गाड्या ते मला माहीत नाही, पण घरी येऊन आमची दुसरी गाडी उघडली तर तिच्यातही तेच.

इथे कुणीही थांबला असता, चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर बसवून पैसे घेतले असते. हा थांबला नाही. त्याचं म्हणणं, एवढ्याने थंडीत पहाटे त्रास व्हायला हवा, दुपारी गरम गाडीवर का होतो? सोळा आणे प्रश्न होता.

पुढचं काम बघण्यासारखं होतं म्हणून सविस्तर लिहिते. त्याने ड्रायव्हरला इंजिन बंद करायची दोरी ओढून धरायला सांगितली, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन पेटणार नाही. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटावर, वायरच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) नाही, खुंटावरच. दुसरी तार सेल्फच्या उघड्या धातूवर. दोन्ही टोकं एकाच बाजूची, त्यामुळे मीटरवर जवळजवळ शून्य यायला हवं. सेल्फ फिरताना जे काही व्होल्टेज दिसेल ते वाटेत फुकट जातंय. थंड गाडीवर ०.४ आलं. ट्रकच्या सेल्फसाठी अर्ध्या व्होल्टपर्यंत तो चालवून घेतो. म्हणजे पास.

त्याने मीटर ठेवला आणि ड्रायव्हरला म्हणाला, बायपासवर एक फेरी मारून ये, इंजिन नीट तापू दे. गाडी आली, वीस मिनिटं उभी ठेवली, कारण बंद केल्यावर इंजिनची धग सेल्फवर आणि आजूबाजूला चढत जाते. पुन्हा तेच माप. २.६ व्होल्ट. आवाजही तोच, ढाब्यावरचा टक्.

मग त्याने वाटेचे तुकडे पाडले. बॅटरीच्या खुंटापासून चासीपर्यंत ०.१. गिअरबॉक्सच्या घरापासून सेल्फच्या अंगापर्यंत ०.१. मधला तुकडा, चासीपासून गिअरबॉक्सच्या घरापर्यंत, २.४. चोर तिथेच. तिथे तांब्याच्या विणलेल्या पट्टीची अर्थ, म्हणजे करंट बॅटरीकडे परतायची वाट असते, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले, रबरातून वीज जात नाही. क्लच प्लेट बदलताना ती पट्टी सुटते. ज्या गॅरेजने ते काम केलं त्यांनी घराला वरून चांगला काळा रंग मारून दिला होता आणि पट्टीचा लग त्या रंगावरच आवळला होता. बोल्ट घट्ट होता. पाना लावून कुणीही 'अर्थ टाइट आहे' असं सर्टिफिकेट दिलं असतं, आणि दिलंही होतं. लग सोडल्यावर खाली रंगाचं कडं आणि मधे तांबूस गंज. गरम झालं की धातू किंचित हलतो, पाणी शिरलं की गंज वाढतो. कधी धातूला धातू टेकतो, कधी नाही.

मी विचारलं, आधीच्या इलेक्ट्रिशियननेही मीटर लावला होता, वायर जोडलेली असल्याचा बझर वाजला होता, तेव्हा का नाही सापडलं? त्याने हिशेब समजावला. सेल्फ तीन-साडेतीनशे अँपिअर ओढतो. एवढ्या करंटला अडीच व्होल्ट खायला एका ओहमचा शंभरावा भागसुद्धा लागत नाही. साध्या मीटरच्या तारांचाच रोध त्याच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे गाडी बंद असताना बझर वाजवून जाड वायर तपासणं म्हणजे काहीच न तपासणं. ती तपासायची तर तिच्यातून करंट वाहत असतानाच. ही एक गोष्ट कळली म्हणून मला तिथे घालवलेला दिवस वसूल वाटला. एक जुनी खूणही त्याने दाखवली. सेल्फ मारल्यावर लगेच अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला हात लावायला सांगितला. कोमट होती. अर्थची खरी वाट बंद झाली की करंट मिळेल त्या बारीक धातूतून परततो, आणि ती केबल तापते.

एकटी निम्मी बॅटरी असती तरी गाडी सुरू झाली असती, एकटी खराब पट्टी असती तरी बहुधा झाली असती. रात्रभर टेप चाललेला आणि दुपारी इंजिन तापलेलं, असं दोन्ही जुळून आलं की टक्. म्हणूनच नव्या बॅटरीने काही दिवस भागलं होतं आणि नव्या सोलेनॉइडनेही.

दुरुस्ती त्या मानाने झटपट. दोन्ही जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासल्या, नवी जाड पट्टी, लग दाबून बसवलेले. डाग दिलेले (सोल्डर केलेले) लग तो वापरत नाही, कारण कंपनाने वायर डागाच्या कडेलाच तुटते आणि मोठ्या करंटला डाग वितळूही शकतो. दातेरी वॉशर, आवळल्यानंतर वरून ग्रीस. शिवाय बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट सेल्फच्या बोल्टपर्यंत एक जादा वायर. मधली तार काढून कन्व्हर्टर बसवला, बॅटरीपाशी फ्यूज देऊन. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या चार्जरवर भरून दिल्या. गरम गाडीवर शेवटचं माप ०.२५. तपासणीचे ७०० वेगळे घेतले, पट्टी, वायर आणि मजुरीचे १,६००, कन्व्हर्टरचे निराळे.

तपासणीचे पैसे वेगळे घेतो म्हणून नाक्यावर त्याच्याबद्दल कुरकुर ऐकू येते. मला ते बरोबर वाटतं. ज्याला शोधायचे पैसे मिळत नाहीत तो सुटे भाग विकूनच ते काढणार.

आता अर्धा गुण का कापला ते. मागच्या दिव्यांचीही तक्रार होती. ब्रेक दाबला की उजवा इंडिकेटर मंद पेटायचा. तोही अर्थचाच दोष, ब्रेकच्या दिव्याचा करंट आपली वाट न सापडल्याने शेजारच्या बल्बमधून परतायचा. निदान त्याने मिनिटात केलं, पण काम पोऱ्यावर सोपवलं आणि पोऱ्याने जोड नुसता टेप गुंडाळून दिला. पहिल्या मोठ्या पावसात तो उकलला. परत नेल्यावर उस्तादाने स्वतः नवा लग लावून नळी चढवून दिली, पैसे घेतले नाहीत, पोऱ्याला शिव्या मात्र माझ्यासमोर दिल्या, ज्या मला ऐकायच्या नव्हत्या. लहानसहान काम पोऱ्याकडे गेलं तर शेजारी उभं राहून बघा.

दुकानाला दोन गुण देण्याची कारणं सरळ आहेत. सावली नाही. बसायला जुन्या बसची उखडलेली सीट. बाईमाणसाला दिवसभर थांबायचं तर जवळपास सोय नाही, मला ओळखीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात जावं लागलं. फोन दहादा वाजवला तर एकदा उचलतो. बिल मागितलं तर आधी सिगरेटच्या पाकिटाच्या पाठीवर आकडा. जीएसटीचं पक्कं बिल मिळतं, पण दोन दिवसांनी आणि आठवण केल्यावर. ड्रायव्हर लोकांशी बोलणं उर्मट. तुझ्या गाण्यांनी मालकाची बॅटरी खाल्ली, हे आमच्या माणसाला चारचौघांत सुनवायची गरज नव्हती. तार त्याने काढली नव्हती, आणि आठवडाभर गाडीत झोपणाऱ्याने गाणी ऐकू नयेत तर काय करावं? हे मी उस्तादाला बोलून दाखवलं. त्यावर त्याने चहा मागवला, ड्रायव्हरला आधी दिला. माफी वगैरे काही नाही.

त्यानंतर गाडीने बिजासन घाटातला सबंध पावसाळा काढला, खलघाटच्या ढाब्यावर सपाटीला उभी राहिली, आणि रात्रीचे फोन आता फक्त टोलच्या रांगेचे येतात.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, म्हणजे गाडी थंड आणि गरम दोन्ही अवस्थांत बघायला त्याला दिवस मिळतो. बॅटरी आदल्या रात्री चार्ज करून नेऊ नका, खरी अवस्था झाकली जाते. गाडीचं आधी काय काय काम झालंय त्याची जुनी बिलं असतील तर घेऊन जा, तो ती वाचतो. रंगपंचमीला गेरच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही शटर उघडत नाही. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीवर तो जात नाही, कितीही पैसे दिले तरी. आर्मेचर (सेल्फच्या आतलं फिरणारं वेटोळं) भरायचं काम बाहेर पाठवतो, त्यात एक दिवस जास्त धरा. बीएस-६ गाड्यांची बॅटरी, अर्थ, सेल्फ, अल्टरनेटर इथपर्यंत तो बघतो. त्या गाड्यांत सेल्फ मारताना व्होल्टेज जास्त पडलं तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, मधेच झोपतो, सेल्फ फिरतो पण इंजिन पेटत नाही, त्यामुळे अर्थ तपासून घेणं तिथेही कामाचं आहे. पण स्कॅनर त्याच्याकडे साधा आहे, आणि सेन्सर किंवा धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या सिस्टिमचा दिवा लागला असेल तर तो स्वतःच कंपनीच्या वर्कशॉपचा रस्ता दाखवतो, तपासणीचे पैसे न घेता.